आधी खर्ज ऐका: बरोक मैफलीला पहिल्यांदा जाताना

मिरजेत वाढलेल्या माणसाचा कान मैफलीत शिरताच आधी तंबोरा शोधतो. लंडनला आल्यावर मी बरोक संगीताच्या पहिल्या कार्यक्रमाला गेले तेव्हाही तेच झालं. तंबोरा नव्हताच, म्हणून मी व्हायोलिनची सुरावट धरून बसले. ती एका व्हायोलिनकडून दुसऱ्याकडे, तिथून ओबोकडे (सनईच्या जातीचं फुंकवाद्य), पुन्हा व्हायोलिनकडे अशी फिरत राहिली आणि तिच्या मागे धावून मी अर्ध्या तासात दमले. सगळं गोड होतं, पण घरी येताना त्यातलं काहीच सोबत आलं नाही.

दुसऱ्या वेळी तिकीट उशिरा काढलं आणि चर्चमधल्या एका जाडजूड खांबामागची जागा मिळाली. तिथून व्हायोलिनवाले दिसतच नव्हते. दिसत होता एक चेलो, म्हणजे व्हायोलिनचा मोठा, खालच्या सुरांचा भाऊ, त्याच्या मागे त्याहून मोठा डबल बास आणि हार्पसिकॉर्ड या पियानोसारख्या जुन्या वाद्याचं उघडं झाकण. डोळे जिकडे, कान तिकडे. दोन तास मी खालचे सूर ऐकत बसले. तंबोऱ्याचा सूर एका जागी ठाम बसतो, हे खालचे सूर मात्र चालतात, वळतात, थांबतात, आणि वरची सगळी नक्षी त्यांच्या चालीवर उभी असते. त्या संध्याकाळी हे संगीत मला पहिल्यांदा लागलं.

म्हणून नव्याने ऐकायला जाणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते: आधी खर्ज ऐका. पुढे लिहिलेल्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

हे संगीत कुठल्या काळातलं

बरोक म्हणजे युरोपातलं साधारण १६०० ते १७५० या दीडशे वर्षांतलं संगीत. कोरेली, पर्सेल, विवाल्डी, टेलेमान, हँडल, बाख ही त्यातली मोठी नावं. बाख आणि हँडल दोघंही १६८५ चे, म्हणजे शिवरायांच्या निधनानंतर पाच वर्षांनी जन्मलेले. त्यापुढची तीसेक वर्षं सुरुवातीच्या क्लासिकल काळाची: बाखची मुलं, तरुण हायडन, लहानगा मोत्झार्ट. बरोक वाजवणारे बहुतेक वाद्यवृंद हा पुढचा काळही वाजवतात, आणि एकाच संध्याकाळी दोन्ही ऐकायला मिळाले तर फार चांगलं. का, ते शेवटी येईल.

हे वाद्यवृंद त्या काळातल्या वाद्यांवर, किंवा त्यांच्या नकलेवर घडवलेल्या वाद्यांवर वाजवतात. ती वाद्यं आणि त्यांची वाजवण्याची रीत एकोणिसाव्या शतकात मागे पडली होती. विसाव्या शतकात काही हट्टी माणसांनी जुने ग्रंथ वाचून, संग्रहालयातली वाद्यं हाताळून ती परत उभी केली. व्हिएन्नात निकोलाउस हार्नोनकूर आणि अ‍ॅलिस हार्नोनकूर यांनी सोबत्यांसह १९५३ साली कॉन्सेन्टुस म्युझिकुस सुरू केलं आणि पहिला जाहीर कार्यक्रम करायला चार वर्षं घेतली. चार वर्षं नुसती तालीम! मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं. पुढे १९७३ मध्ये ख्रिस्टोफर हॉगवुड यांनी इंग्लंडमध्ये अ‍ॅकॅडमी ऑफ एन्शंट म्युझिक काढली, १९८६ मध्ये लंडनच्या वादकांनीच मिळून ऑर्केस्ट्रा ऑफ दी एज ऑफ एन्लाइटनमेंट उभी केली, १९८७ मध्ये जर्मनीत फ्रायबुर्ग बरोक ऑर्केस्ट्रा आली.

पहिली पायरी: घरी आठ सूर

तिकीट काढण्याआधी एक आठवडा घरी द्या. रोज पंधरा मिनिटं पुरतात.

पाखेलबेलचा कॅनन तुम्ही नक्की ऐकलेला आहे, लग्नाच्या व्हिडिओत नाहीतर कुणाच्या मोबाइलवर. आता तो जुन्या वाद्यांवरचा शोधा. सॅन फ्रान्सिस्कोच्या व्हॉइसेस ऑफ म्युझिक या संचाचं चित्रीकरण यूट्यूबवर आहे. हेडफोन लावा, कारण मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून खर्ज निघतच नाही. आणि व्हायोलिनकडे लक्ष न देता खाली चेलोचे हे आठ सूर धरा:

सा प ध ग म सा म प

बस, एवढंच. सगळे शुद्ध स्वर, फक्त सप्तक खाली-वर होतं. हेच आठ सूर त्याच क्रमाने, काडीचाही फरक न करता, २८ वेळा येतात. बोटांवर मोजा, आपण आवर्तनं मोजतो तसंच. पहिल्या आवर्तनात नुसता खर्ज. मग एक व्हायोलिन वर येतं. एक आवर्तन उलटलं की दुसरं व्हायोलिन पहिल्याचंच वाक्य सुरुवातीपासून म्हणायला लागतं, आणखी एका आवर्तनानंतर तिसरं. म्हणजे तीन व्हायोलिनं एकच गोष्ट मागे-पुढे सांगत असतात आणि तरी एकमेकांच्या पायात पाय येत नाही, कारण खालचे आठ सूर सगळ्यांना सामावून घेतात. दोन-तीन वेळा ऐकलं की सा प ध ग म सा म प असं स्वतः गुणगुणत वरची व्हायोलिनं ऐका. ही एक गोष्ट जमली की अर्धं काम झालं.

दोन दिवसांनी दुसरा धडा. पर्सेलचं 'डायडो अँड एनीयस' हे १६८० च्या दशकातलं ऑपेरा आहे. त्यात शेवटी राणी डायडो मरणापूर्वी एक विलाप गाते. त्याचा खर्ज असा उतरतो: सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प. मग थोडं फिरून परत सा. दोन्ही नी आणि दोन्ही ध असे सलग, एकापाठोपाठ एक. आपल्या रागसंगीतात अशी उतरंड सहसा कुणी घेणार नाही, म्हणून पहिल्यांदा कान बिचकतो. मग लक्षात येतं की पायाखालची जमीन बोटभर बोटभर खचत चालली आहे. हा खर्ज अकरा वेळा येतो. गायिकेचं वाक्य मात्र आवर्तनाच्या शेवटी थांबत नाही, ते ओलांडून पुढे जातं. खाली दैव आपल्या गतीने चाललंय आणि वर राणी त्यात मावत नाहीये. मी हे गाणं ऐकून ट्रेनमध्ये रडलेली आहे, आणि मला रडवलं ते त्या सहा सुरांनी.

दुसरी पायरी: कार्यक्रम निवडणं

पहिल्याच वेळी तीन तासांचं ऑपेरा किंवा बाखचं पूर्ण 'पॅशन' (ख्रिस्ताच्या मरणकथेवरची मोठी गायनरचना) घेऊ नका. ते नंतर. पहिल्यांदा छोट्या छोट्या रचनांचा, सगळा मिळून दीड-दोन तासांचा, पंधरा-वीस वादकांचा कार्यक्रम बघा. बाखचे ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तो, म्हणजे वाद्यमेळाच्या रचना, असतील तर डोळे मिटून तिकीट काढा. ते सहा आहेत, त्यांची अर्पणपत्रिका २४ मार्च १७२१ ची आहे, आणि सहाही रचनांत वाद्यांचा मेळ वेगवेगळा. तिसऱ्यात तीन व्हायोलिन, तीन व्हिओला (व्हायोलिनहून जरा मोठं, खालच्या सुराचं वाद्य), तीन चेलो आणि त्यांच्याखाली बास व हार्पसिकॉर्ड. सहाव्यात व्हायोलिन अजिबात नाही, सगळा गडद रंग.

पाचवा माझा सगळ्यात लाडका. हार्पसिकॉर्ड म्हणजे एरवी साथीचं वाद्य, मागे बसून खर्जावर सूर भरणारं. या रचनेत ते हळूहळू पुढे सरकतं, त्याच्या बोटांतून लहान लहान सुरांची गर्दी व्हायला लागते, आणि पहिल्या भागाच्या शेवटी बाकीचे सगळे गप्प होतात. मग तब्बल ६५ मात्राखंड ते एकटंच वाजतं. त्या वेळी बाकीच्या वादकांचे चेहरे बघा, व्हायोलिन खाली धरून सगळे त्याच्याकडे वळलेले असतात. रात्रभर ठेका धरून बसलेल्या तबलजीला गवयाने मान हलवून जागा द्यावी, तसा तो क्षण असतो.

लंडनमध्ये असाल तर विगमोर हॉल, किंग्ज प्लेस, साउथबँक, सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स यांची वेळापत्रकं चाळत राहा. ऑर्केस्ट्रा ऑफ दी एज ऑफ एन्लाइटनमेंटचे 'नाइट शिफ्ट' नावाचे अनौपचारिक कार्यक्रमही असतात. तिथे वादक मधेमधे श्रोत्यांशी बोलतात, आणि हातात पेय घेऊन ऐकलं तरी चालतं. दडपण येत असेल तर तिथून सुरुवात करा. टोरांटोला ताफेलम्युझिक आहे, सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात फिलहार्मोनिया बरोक, बोस्टनला १८१५ पासूनची हँडल अँड हायडन सोसायटी. ऑगस्टअखेरीस नेदरलँड्समध्ये असाल तर उट्रेक्टचा जुन्या संगीताचा महोत्सव चुकवू नका, गावातल्या चर्चांमध्ये दिवसभर काही ना काही चालू असतं.

आणि भारतात असाल तर? नेदरलँड्स बाख सोसायटी ही १९२१ सालची संस्था बाखची एकूण एक रचना जुन्या वाद्यांवर चित्रित करून इंटरनेटवर फुकट ठेवते आहे. कॅमेरा वादकांच्या इतका जवळ असतो की चेलोवाल्याची बोटं हॉलमध्ये दिसणार नाहीत तेवढी स्पष्ट दिसतात. मुंबईच्या एनसीपीएमध्ये बाख-मोत्झार्ट ऐकायला मिळतात, ते बहुतेक आधुनिक वाद्यांवर, पण खालून ऐकण्याची रीत तिथेही तीच. गोव्यातल्या वाचकांना तर मी काय सांगणार! पोर्तुगीज काळापासून तिथल्या चर्चच्या शाळांनी पोरांच्या हातात व्हायोलिन दिलं आणि स्वरलेखन वाचायला शिकवलं. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांतले कितीतरी वादक त्या शाळांतून आलेले.

तिसरी पायरी: जागा

पुढे बसा, आणि शक्यतो चेलोच्या बाजूला. ही वाद्यं हळू आवाजाची आहेत. हार्पसिकॉर्ड मोठ्या हॉलच्या शेवटच्या रांगेत पोचेपर्यंत नुसती किणकिण उरते. चर्चमधल्या कार्यक्रमात तिकिटावर 'खांबाची आड' असं लिहिलेल्या जागा स्वस्त असतात. खांबाची आड व्हायोलिनच्या बाजूला येत असेल तर खुशाल घ्या, माझ्यासाठी ती जागा लाखमोलाची ठरली. चर्चमध्ये थंडी वाजते, अगदी मे महिन्यातही, तेव्हा शाल जवळ ठेवा. कपड्यांचा बाऊ करू नका, स्वच्छ आणि आरामशीर असलं की झालं. वेळेच्या पंधरा मिनिटं आधी मात्र पोचाच. उशीर झाला तर पहिली रचना संपेपर्यंत बाहेर थांबवतात, आणि शिवाय पुढची पायरी हुकते.

चौथी पायरी: जुळवणी बघा

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मी लहानपणी तासन्‌तास उभी राहिले आहे. घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा किंचित कानस. जवारी उघडली, म्हणजे तारेचा झंकार मोकळा झाला, की कारागिराच्या चेहऱ्यावर काही दिसायचं नाही, तो फक्त पुढच्या तारेकडे वळायचा. तोच चेहरा मला इथे हार्पसिकॉर्ड जुळवणाऱ्या माणसाचा दिसतो.

कार्यक्रमाआधी आणि मध्यंतरात हा माणूस, कधी स्वतः वादक, वाद्यावर वाकून काम करत असतो. सगळे कॉफीला जातात तेव्हा तुम्ही बसून राहा. हार्पसिकॉर्डची पट्टी दाबली की आत एक लाकडी काडी वर उचलली जाते, आणि तिच्यातली बारीक नखी तार छेडते. सतारीची नखीच म्हणा. पूर्वी ती पक्ष्याच्या पिसाच्या देठाची असायची, आता बहुधा प्लास्टिकची. एखादा सूर खरखरला तर तो माणूस ती काडी बाहेर काढून धारदार पात्याने नखीचा केसभर भाग तासतो, परत बसवतो, छेडून बघतो. मग एका हाताने किल्ली फिरवत, दुसऱ्या हाताने दोन सूर एकत्र दाबून त्यांच्यातली लाट ऐकतो. तंबोरा लावताना आपण तेच तर ऐकतो.

इथे एक गोष्ट आपल्या कानाला खास जवळची आहे. तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार आपोआप उमटतो, तो हार्मोनियमवर मिळत नाही. पेटीचा गंधार चढा असतो, कारण तिथे सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात. सतराव्या शतकातल्या संगीतासाठी 'मीनटोन' नावाची जुळवणी वापरतात, आणि तिच्या मुख्य प्रकारात नेहमीच्या पट्ट्यांमधला गंधार अगदी तो स्वयंभू गंधार असतो. पंचम किंचित उतरवून तो मिळवलेला असतो, आणि त्याची किंमत म्हणून काही पट्ट्या बेसूर होऊन वापरातून जातात. बाखच्या काळच्या संगीतासाठी मधल्या तडजोडीच्या जुळवण्या असतात, त्यात प्रत्येक पट्टीची चव निराळी. कार्यक्रम जुन्या इटालियन संगीताचा असेल तर पहिला लांब सुरमेळ शांतपणे ऐका. तो थरथरत नाही, स्थिर पाण्यासारखा राहतो.

पट्टीही खालची असते. आजचे वाद्यवृंद ज्याला ४४० कंपनांचा 'ए' म्हणतात, तो बरोक वाद्यवृंद बहुधा ४१५ वर लावतात. पेटीच्या भाषेत पांढरी सहाच्या जागी काळी चार. म्हणजे ४१५ वर वाजवलेल्या त्या कॅननचा 'सा' येतो काळी एकला, आपल्या कितीतरी गवयांच्या पट्टीत. क्लासिकल काळासाठी साधारण ४३० घेतात.

दोन रचनांच्या मध्ये वादक पुन्हा पुन्हा जुळवताना दिसतील. वैतागू नका. तारा आतड्याच्या आहेत, आपल्या सारंगीला असते तशी तात. हवेतला ओलावा, दिव्यांची ऊब, शेकडो माणसांचे श्वास, सगळं त्या तारेला लागतं.

पाचवी पायरी: खर्जाची टोळी ओळखा

आता मंचाकडे बघा आणि आधी 'कंटिन्युओ' शोधा. ही माणसं कार्यक्रमभर जवळजवळ न थांबता खर्ज सांभाळतात. चेलो असतो. त्याला खाली टेकायचा दांडा नाही, वादक तो पोटऱ्यांच्या मध्ये धरतो. डबल बास किंवा त्याचा जुना भाऊबंद व्हिओलोने. कधी बासून (bassoon) हे लांब फुंकवाद्य. हार्पसिकॉर्ड किंवा लहानसा ऑर्गन. आणि नशीब असेल तर थिऑर्बो: माणसाहून उंच, लांब मानेचं तंतुवाद्य, खालच्या मोकळ्या तारा अंगठ्याने छेडल्या की घुमतात.

हार्पसिकॉर्ड आणि थिऑर्बोच्या वादकांसमोर काय लिहिलेलं असतं ते कळलं तर ऐकण्याची मजा दुप्पट होते. त्यांच्या कागदावर फक्त खर्जाची एक ओळ असते, आणि काही सुरांवर आकडे: ६, ७, ४-३ असे. '६' म्हणजे या खर्जावर त्याच्यापासूनचा सहावा सूर धरून मेळ कर. तो मेळ वर घ्यायचा की खाली, एकदम दाबायचा की एकेक सूर विखरत, भरगच्च की दोनच सुरांचा, हे त्या क्षणी वादक ठरवतो. म्हणून तीच रचना दोन रात्री सारखी ऐकू येत नाही. आपल्याकडे पेटीवाला गवयाच्या मागोमाग जातो, त्याची जागा उचलून परत देतो. इथे साथीदार पुढे असतो. कुठल्या सुराला वजन आहे, कुठे घाई करायची, कुठे रेंगाळायचं हे खालून ठरतं, आणि वरचे वादक त्याच्यावर स्वार होतात. चेलोवाल्याचा गज आणि हार्पसिकॉर्डवाल्याचा हात एकाच क्षणी पडतात की नाही ते पाहा. चांगल्या संचात त्या दोघांमध्ये सुईही जाणार नाही.

बहुतेक वेळा काठी घेतलेला संचालक नसतो. पहिल्या व्हायोलिनवर बसलेला, खरं तर उभा असलेला, वादक किंवा हार्पसिकॉर्डवाला इशारा देतो. इशारा म्हणजे श्वास. सुरू होण्याआधी तो नाकाने जोरात श्वास घेतो, आणि पुढच्या रांगेत तो तुम्हाला चक्क ऐकू येतो.

मग हळूहळू वर या

पहिली एक-दोन गाणी खर्जावर गेली की कान वर न्या. व्हायोलिनचा गज आजच्यापेक्षा हलका, टोकाकडे निमुळता, आणि त्याची काठी सरळ किंवा किंचित बाहेरच्या बाजूला वाकलेली. म्हणून खाली ओढलेला गज भारी आणि वर ढकललेला हलका पडतो, आणि प्रत्येक सूर उमलून मावळतो. बोलल्यासारखं वाटतं ते त्यामुळे. हनुवटीखाली टेकण नाही, ते १८२० च्या सुमारास आलं. बोटांचं आंदोलन सतत नाही, एखाद्याच लांब सुराला दागिन्यासारखं. मोत्झार्टच्या वडिलांनी, लिओपोल्ड मोत्झार्टने, १७५६ च्या आपल्या व्हायोलिनच्या पुस्तकात प्रत्येक सुरावर थरथरणाऱ्या वादकांना चांगलंच झापलं आहे.

तुतारीवाले उभे राहिले तर नीट ऐका. त्या तुताऱ्यांना झडपा नाहीत, सगळे सूर ओठांच्या ताणातून काढायचे, आणि काही सूर मुळातच थोडे बाजूला पडतात. एखादा सूर निसटला तर नाक मुरडू नका. तो धोका पत्करून तो माणूस उभा राहिला आहे.

गाणाऱ्यांच्या 'दा कापो' आरियात (आरिया म्हणजे एकट्याने गायचं गाणं) पहिला भाग शेवटी परत येतो, आणि त्या वेळी गायक आपल्या पदरच्या ताना-मुरक्या घालतो. तिथे आपली मान आपोआप हलते.

टाळी कधी

कॉन्चेर्तोचे बहुधा तीन भाग: जलद, संथ, जलद. भागांच्या मध्ये शांतता, टाळी शेवटी. मोजायचं विसरलात तर प्रमुख वादकाच्या गजाकडे बघा. तो गज खाली आणून श्रोत्यांकडे वळला की टाळ्या. मधेच 'क्या बात है' म्हणायची आपली सवय इथे आवरावी लागते, आणि मला अजूनही त्याचा त्रास होतो. फोन बंद. खोकल्याच्या गोळीचा चुरचुरणारा कागद घरीच काढून ठेवा.

कार्यक्रम संपल्यावर लगेच पळू नका. जुन्या वाद्यांचे वादक आपल्या वाद्याबद्दल बोलायला उत्सुक असतात. थिऑर्बोजवळ जाऊन "किती तारा?" एवढं विचारा, पुढचं ते सांगतात. मी एकदा सारंगीच्या तातेचा विषय काढला आणि एक चेलोवादक वीस मिनिटं माझ्याकडून सारंगीबद्दल ऐकत उभा राहिला.

शेवटची पायरी: खर्ज बदलतो तेव्हा

आता त्या पुढच्या काळाकडे. १७४० नंतर खर्जाचं चालणं मंदावतं. तो एकाच सुरावर टप टप टप असा ठोका धरतो, लांबच लांब थांबतो, आणि मालकी वरच्या सुरावटीकडे जाते. हार्पसिकॉर्ड मागे पडत जातं, शिंगवाद्यं आणि ओबो मधली पोकळी लांब सुरांनी भरतात. जर्मनीतल्या मानहाइमच्या दरबारी वाद्यवृंदाने हळू आवाजापासून गर्जनेपर्यंत चढत जाण्याची अशी काही करामत साधली की सगळ्या युरोपात नाव झालं. बाखचा धाकटा मुलगा योहान क्रिस्तियान १७६२ पासून लंडनमध्ये होता. दोन वर्षांनी आठ वर्षांचा मोत्झार्ट त्याला इथेच भेटला आणि त्याच मुक्कामात इबरी स्ट्रीटवरच्या घरात त्याने पहिली सिंफनी, म्हणजे पूर्ण वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची रचना, लिहिली. तिच्या संथ भागात शिंगवाद्यं चार लांब सूर वाजवतात: सा रे म ग. चोवीस वर्षांनी, १७८८ मध्ये, शेवटच्या सिंफनीचा शेवटचा भाग त्याने याच चार सुरांवर उभा केला.

एकाच संध्याकाळी आधी बाख आणि मग हायडन असेल तर हा बदल पायाखाली जाणवतो. हायडन १७६१ मध्ये एस्टरहाझी घराण्याच्या चाकरीत आला आणि त्याच वर्षी त्याने सकाळ, दुपार, संध्याकाळ अशा तीन सिंफनी लिहिल्या. नव्या सहकाऱ्यांपैकी प्रत्येकाला त्यात एकट्याने चमकायला जागा आहे, डबल बासलासुद्धा.

जमलं तर त्याची ४५ वी सिंफनी, 'निरोपाची', जुन्या वाद्यांवर प्रत्यक्ष बघा. १७७२ सालची. हायडनचा मालक, राजपुत्र निकोलाउस एस्टरहाझी, त्या वर्षी आपल्या लांबच्या महालात मुक्काम लांबवत राहिला, वादकांची बायकापोरं आयझेनश्टाट गावी मागे राहिलेली. हायडनने तोंडाने काही न म्हणता हे लिहिलं, असं सांगतात. शेवटचा भाग जोरात चाललेला असताना अचानक थांबतो आणि एक संथ चाल सुरू होते. मग एकेक वादक आपलं थोडं बोलून घेतो, समोरची मेणबत्ती विझवतो आणि उठून जातो. ओबो आणि शिंग, मग बासून. नंतर डबल बासची पाळी. संध्याकाळभर ज्याच्यावर सगळं उभं होतं, त्याला जाण्याआधी थोडा वेळ स्वतःचं म्हणायला मिळतं, आणि तोही ते अवजड वाद्य कवेत घेऊन निघतो. मग चेलो. मग बाकीची व्हायोलिनं, व्हिओला.

उरतात दोन व्हायोलिनं, आवाज दाबलेली. त्यांच्याखाली आता काहीही नसतं.